दहा हजारांची मेमरी
महागडे मोबाइल फोन आणि त्यांतील जागेचा भाव

२०२४ च्या दिवाळीपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या दुकानातील एक तरुण कामगार पगारातून दहा हजार रुपये उचल मागायला आला. घरात लग्न असेल किंवा कोणी आजारी असेल म्हणून मी कारण विचारले. कारण निघाले मोबाइल फोन. त्या सप्टेंबरमध्ये बाजारात आलेला आयफोन १६ त्याला घ्यायचा होता. किंमत रु. ७९,९००. ही रक्कम त्याने जमवली होती, थोडी आखातातील मोठ्या भावाने पाठवली होती. मग उचल कशासाठी? तो म्हणाला, "चाचा, तो १२८ जीबीवाला आहे. फोनवाला म्हणतो, लवकर भरून जाईल, २५६ वाला घ्या. तो ८९,९०० ला आहे."

"दहा हजार जास्त देऊन आणखी काय मिळते?"

"बाकी सगळं तेच. फक्त मेमरी."

कॅमेरा तोच, काच तीच, बॅटरी तीच, रंगही तेच. वाचकहो, आमच्या कापडाच्या धंद्यात एकाच काउंटचे, एकाच पन्ह्याचे, एकाच रंगाईचे कापड असेल आणि फक्त लांबी वाढत असेल, तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते की मीटरचा भाव काय. फोन घेताना हा प्रश्न कोणी विचारत नाही. मी त्या मुलाला दोन दिवस थांबायला सांगितले आणि हिशेब मांडला. तो येथे देत आहे, कारण हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. आपल्या घराघरांतील तरुण मुले महागड्या फोनच्या मागे आहेत आणि पैसा मात्र घराच्या गल्ल्यातून जातो.

प्रथम माल काय आहे ते पाहू. फोनमध्ये फोटो, व्हिडिओ, संदेश ज्यात साठतात त्या चिपला फ्लॅश मेमरी म्हणतात. जपानच्या तोशिबा कंपनीतील अभियंता फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही शोधून काढली. आज फोनमध्ये असते ती नँड प्रकारची फ्लॅश १९८७ साली पुढे आली. वीज बंद केली तरी यातील मजकूर पुसला जात नाही. पूर्वी यातील घरे एकाच मजल्यावर असत. २०१३ पासून सॅमसंगने ती एकावर एक मजले चढवून बांधायला सुरुवात केली, तेव्हा २४ मजले होते, आज दोनशेच्या वर गेले आहेत. जमीन तेवढीच आणि इमारत उंच, म्हणून दर जीबीमागे खर्च वर्षानुवर्षे उतरत गेला. हा माल बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. सॅमसंग, एसके हायनिक्स, किओक्सिया (म्हणजे पूर्वीची तोशिबाची शाखा), मायक्रॉन, सॅनडिस्क आणि चीनची एक कंपनी. ॲपल ही चिप स्वतः बनवत नाही, विकत घेते. सॅमसंग मात्र फोनही बनवते आणि त्यातील मेमरीही, म्हणजे सूतगिरणी आणि माग एकाच मालकाचे.

आता भाव. आयफोन १६ मध्ये १२८ वरून २५६ जीबीला जायचे तर रु. १०,००० जास्त, म्हणजे १२८ जीबीचे दहा हजार. एका जीबीला ७८ रुपये पडले. त्यापुढे २५६ वरून ५१२ ला जायचे तर रु. २०,००० जास्त, म्हणजे पुन्हा ७८ रुपयेच. आमच्याकडे एक ताका घेणाऱ्याला एक भाव आणि गठ्ठा घेणाऱ्याला दुसरा भाव असतो, वटाव वेगळा. येथे दुप्पट माल घेणाऱ्यालाही एका पैशाची सवलत नाही. त्याच वर्षी नामांकित कंपनीची एक टीबीची, म्हणजे सुमारे १००० जीबीची, बाहेरून जोडायची एसएसडी आठ हजारांच्या आसपास मिळत होती. जीबीला आठ रुपये झाले. त्यात धातूची पेटी आली, केबल आली, जीएसटी आला आणि दुकानदाराचा नफाही आला.

येथे कोणी म्हणेल की हा भाव परदेशातूनच तसा येतो. हेही तपासले. अमेरिकेत आयफोन १६ ची किंमत ७९९ डॉलर होती, त्यात तिकडचा विक्रीकर धरलेला नाही. तेव्हा डॉलर ८४ रुपयांच्या आसपास होता. ७९९ गुणिले ८४ म्हणजे रु. ६७,११६. त्यावर १८ टक्के जीएसटी चढवा, रु. ७९,१९७ होतात. आपल्याकडील किंमत रु. ७९,९००. म्हणजे साध्या आयफोन १६ वर आपल्याकडून कंपनीने वेगळे काही घेतले नाही, डॉलरचा भाव आणि सरकारी कर एवढेच. मेमरीची पायरी अमेरिकेत १०० डॉलरची होती. १०० गुणिले ८४, अधिक १८ टक्के, रु. ९,९१२. तेच आपले दहा हजार. त्यांपैकी सुमारे रु. १,५२५ सरकारच्या तिजोरीत जातात. वाचकांना आठवत असेल, मोबाइलवरील जीएसटी १ एप्रिल २०२० पासून १२ वरून १८ टक्के झाला.

प्रो मॉडेलचा हिशेब मात्र असा जमत नाही. आयफोन १६ प्रो अमेरिकेत ९९९ डॉलर, त्याच रीतीने रु. ९९,००० च्या आसपास यायला हवा, आपल्याकडे किंमत होती रु. १,१९,९००. परदेशातून येणाऱ्या तयार फोनवर सीमाशुल्क असते, ते जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात २० वरून १५ टक्के झाले. परंतु हे शुल्क आयात किमतीवर लागते, दुकानातील किमतीवर नव्हे. अगदी पूर्ण ९९९ डॉलरवर लावले तरी जवळपास एकवीस हजारांची ही तफावत भरून निघत नाही. येथे भारतीय गिऱ्हाईक जास्त देते, हे स्पष्ट आहे.

१०० डॉलरची ही पायरी किती जुनी आहे पाहा. २००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा ४ जीबीचा ४९९ डॉलरला आणि ८ जीबीचा ५९९ डॉलरला होता. म्हणजे तेव्हा चार जीबीचे शंभर डॉलर घेतले. पुढे सोळा जीबीचे शंभर घेतले, २०१६ च्या आयफोन ७ मध्ये एकदा ९६ जीबीचे आणि पुढच्या पायरीला १२८ जीबीचे शंभर घेतले. माल बदलला, मालाचा भाव अनेक पटींनी उतरला, पायरी मात्र शंभरचीच राहिली. खर्चावरून भाव ठरत असता तर असे झाले नसते.

२०१४ चे उदाहरण तर बोलके आहे. त्या वर्षी आयफोन ६ मध्ये १६, ६४ आणि १२८ असे तीन प्रकार ठेवले. आधीच्या वर्षी मध्ये ३२ चा प्रकार होता, तो काढून टाकला. आयएचएस या संस्थेने तो फोन उघडून सुट्या भागांची किंमत काढली होती. त्यांच्या अंदाजाने ॲपलला एक जीबी फ्लॅश ४२ सेंटच्या आसपास पडत होती. १६ वरून ६४ म्हणजे ४८ जीबी, कंपनीचा जादा खर्च सुमारे २० डॉलर. गिऱ्हाइकाकडून घेतले १०० डॉलर. आणि १६ जीबीचा फोन तेव्हाही अपुरा पडत होता. नवीन प्रणाली उतरवून घ्यायलाच कित्येक जीबी मोकळी जागा लागे, लोकांना फोटो पुसावे लागत. तरी २००९ पासून २०१५ पर्यंत दरवर्षीच्या नव्या आयफोनची सुरुवात १६ जीबीवरच होत राहिली. २०१६ मध्ये ती ३२ झाली.

मामला असा आहे की जाहिरातीत जी "पासून सुरू" किंमत छापली जाते, ती दुकानात आणण्यासाठी असते. त्या किमतीचा माल मुद्दाम थोडा अपुरा ठेवायचा, म्हणजे ऐपतवाला आपण होऊनच वरच्या पायरीवर जातो. एकाच फोनसाठी कमी देऊ शकणाऱ्याकडून कमी आणि जास्त देऊ शकणाऱ्याकडून जास्त, असा हा हिशेब आहे. आम्ही कापडवाले यात अगदी निष्पाप आहोत असे मी म्हणणार नाही. तोच सूटचा तुकडा पुठ्ठ्याच्या पेटीत घालून, वर सोनेरी फीत बांधून, लग्नसराईत किती जादा भावाने जातो हे सर्वांना माहीत आहे. फरक इतकाच की पेटी नको असेल तर गिऱ्हाईक तागा उलगडायला सांगते आणि तेच कापड कापून घेते. फोनमध्ये ही सोय नाही. चिप मुख्य पाटीला झाळलेली असते. चीनमधील शेनझेनच्या बाजारात कारागीर ती काढून मोठी बसवून देतात, आपल्याकडेही मोठ्या शहरांत काही जण करतात. पण त्यात फोनची हमी जाते आणि हात चुकला तर फोनही जातो. असे कोणी करू नये.

मेमरी कार्डाची खाच असती तर हा प्रश्नच उरला नसता. आयफोनमध्ये ती कधीच नव्हती. सॅमसंगच्या महागड्या फोनमध्ये होती, २०१५ च्या एस६ मध्ये काढली, गिऱ्हाइके नाराज झाली म्हणून २०१६ च्या एस७ मध्ये परत आणली आणि २०२१ च्या एस२१ पासून पुन्हा बंद केली. पण गंमत अशी की सॅमसंगच्याच अनेक स्वस्त फोनमध्ये त्यानंतरही ती राहिली. पंधरा हजारांच्या फोनमध्ये जागा होते आणि लाखाच्या फोनमध्ये होत नाही!

कंपन्यांची बाजूही सांगितली पाहिजे. कार्ड आणि आतली चिप एका दर्जाची नसतात. आजच्या महागड्या अँड्रॉइड फोनमध्ये यूएफएस ४.० जातीची मेमरी असते, सॅमसंगने २०२२ साली तिचा वाचनाचा वेग सेकंदाला ४,२०० एमबी सांगितला होता. साध्या यूएचएस-१ कार्डाची कमाल मर्यादा १०४ एमबी आहे. ८० काउंटचे सूत आणि २० काउंटचे सूत एका भावाने मागणे बरोबर नाही. दुसरे, पाच रंग आणि तीन प्रकारची मेमरी म्हटले की एका फोनचे पंधरा जिन्नस झाले. कोणता किती खपेल हे आधी ठरवावे लागते. ज्याने शेड कार्डावरून माल भरला आहे आणि शेवटी मोरपंखी रंगाचे सहा ताके कपाटात पडलेले पाहिले आहेत, त्याला हे दुखणे समजावून सांगायला नको. तिसरे, नवे फोन बरीच वर्षे सांभाळायचे असतात. गुगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या एस२४ पासून सात वर्षे सुधारणा देण्याचे कबूल केले आहे. त्यासाठी माणसे पोसावी लागतात. हे सर्व धरून, आणि चिप वेगवान म्हणून बाहेरच्या एसएसडीच्या दुप्पट भाव लावून, १२८ जीबीचे दोन हजार होतात. दुकानदाराचा नफा, न खपलेल्या मालाची जोखीम घातली तर तीन हजार म्हणा. दहा नाही.

आणि याचा पुरावा खुद्द कंपनीनेच दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ आला, त्यात १२८ चा प्रकारच ठेवला नाही, सुरुवातच २५६ पासून. अमेरिकेत किंमत तीच, ७९९ डॉलर. आपल्याकडे रु. ८२,९००, म्हणजे तीन हजारांनी जास्त. पण मधल्या काळात डॉलर ८४ वरून ८८ रुपयांवर गेला होता. ७९९ गुणिले ८८ आणि १८ टक्के, रु. ८२,९६८. म्हणजे ते तीन हजारही रुपया घसरल्याचे आहेत. ज्या १२८ जीबीसाठी एक वर्षापूर्वी दहा हजार मागितले, ते पुढच्या वर्षी फुकट दिले आणि पडदाही आधीपेक्षा चांगला दिला. सॅमसंगचेही तसेच. २०२५ च्या एस२५ अल्ट्रामध्ये २५६ वरून ५१२ ला रु. १२,००० जास्त होते, म्हणजे जीबीला ४७ रुपये, ॲपलपेक्षा कमी. पण आगाऊ नोंदणी करणाऱ्याला हीच पायरी फुकट देऊ केली होती. जी वस्तू फुकट देता येते तिची खरी किंमत काय ते वाचकांनी समजून घ्यावे.

मग संपूर्ण फोनच अवाच्या सव्वा भावाचा आहे काय? येथे मात्र मी सावधपणे बोलतो. २०१७ मध्ये आयएचएस मार्किटने ९९९ डॉलरच्या आयफोन एक्सच्या सुट्या भागांची किंमत ३७० डॉलर काढली, तेव्हा बराच गवगवा झाला की कंपनी सहाशे डॉलर खिशात घालते. हा हिशेब चुकीचा आहे. सूत, रंग आणि मजुरी मिळून कापडाची किंमत होत नाही. वाहतूक, जाहिरात, दुकानदाराचे कमिशन, बदलून द्यावा लागणारा माल, संशोधन हे वर येते. ॲपलच्या जाहीर ताळेबंदात २०२४ च्या आर्थिक वर्षात वस्तूंच्या विक्रीवर ढोबळ नफा ३७ टक्क्यांच्या आसपास आहे आणि संशोधनावर ३१ अब्ज डॉलरहून अधिक खर्च आहे. सदतीस टक्के म्हणजे फारच चांगला नफा, आमच्या ठोक कापडात ऐकायलाही मिळत नाही. तरी त्यास लूट म्हणता येत नाही. साधा फोन घेणाऱ्याला रकमेच्या मानाने माल मिळतो. नफ्याची मलई वरच्या पायऱ्यांवर आहे. तिथे फोन दुसऱ्यांदा बनवावा लागत नाही, फक्त एक मोठी चिप लावायची असते.

एक गोष्ट आता बदलली आहे. २०२३ मध्ये मेमरीचा बाजार इतका पडला होता की सॅमसंगने उत्पादन कमी केले. तेव्हा फोनमधील पायरी एक रुपयानेही उतरली नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणक केंद्रांची मागणी वाढून मेमरीचे भाव जोराने चढले, एसएसडीचा वर दिलेला आठ रुपयांचा भावही त्यात गेला. आता दुकानदार सांगेल की मेमरी महाग झाली आहे. ते खरे आहे. परंतु स्वस्ताईचा फायदा ज्याने गिऱ्हाइकाला दिला नाही त्याने महागाईचे कारण सांगितले, तर किती मनावर घ्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

मेमरी किती लागते हे अंदाजाने ठरवू नये. आयफोन १६ वर साधा एचडी व्हिडिओ मिनिटाला ६० एमबी जागा घेतो, सर्वांत उंच ४के प्रकारचा सुमारे ४०० एमबी. एक तासाचा निकाह साध्या प्रकारात साडेतीन-चार जीबी आणि ४के मध्ये २४ जीबी. घरातील टीव्हीवर नाहीतर फोनच्याच पडद्यावर पाहायचे असेल तर साधा प्रकार पुरतो. सेटिंगमध्ये जाऊन एकदा बदलावे लागते, इतकेच. आपला सध्याचा फोन उघडून किती जागा भरली आहे आणि तो किती वर्षे वापरला हे पाहावे. तीन वर्षांत ७० जीबी भरले असतील तर २५६ कशाला? जो रोज व्हिडिओ काढून त्यावर पोट भरतो, त्याने मात्र मोठाच घ्यावा, तो त्याचा माग आहे. क्लाउडची जागा हाही पर्याय सांगतात. गुगल १५ जीबी फुकट देते, ॲपल २०११ पासून आजतागायत ५ जीबीच देते. गुगलची १०० जीबी जागा वर्षाला सुमारे रु. १,३०० ला घेतली तर पाच वर्षांत साडेसहा हजार होतात आणि भाडे थांबले की जागा गेली. फोन हरवला तर फोटो वाचतात हा तिचा खरा फायदा, स्वस्ताई नव्हे. त्यापेक्षा सी-टाइप पेनड्राइव्ह किंवा एसएसडी घरात ठेवून महिन्यातून एकदा फोटो उतरवून घेणे किफायतशीर. आयफोनलाही २०२३ च्या १५ पासून सी-टाइपच तोंड आहे.

हप्त्याविषयी. दुकानात "नो कॉस्ट ईएमआय"ची पाटी असते आणि व्याज नको म्हणणारेही ती पाहून निर्धास्त होतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नाही. बहुतेक वेळा बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट आधी वळती करतो आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी व प्रक्रिया शुल्क गिऱ्हाइकाच्या माथी येते. म्हणून प्रथम रोखीचा भाव विचारावा, मग हप्त्याचा. ज्यांचा जीएसटी नोंदणी असलेला धंदा आहे आणि जे कंपोझिशन योजनेत नाहीत, त्यांनी धंद्याच्या कामाचा फोन दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घ्यावा, कराचे क्रेडिट मिळते. पुष्कळ व्यापारी बंधू स्वतःच्या नावाने बिल फाडून घेतात आणि ही रक्कम सोडून देतात. जुना फोन विकताना जादा मेमरीचे जादा पैसे फार थोडे परत येतात, हेही आधीच धरून चालावे.

असो. त्या मुलाला हा कागद दाखवला. तो थोडा हिरमुसला, पण हिशेबाला हुशार आहे. त्याने १२८ चाच फोन घेतला, उचल घेतली नाही. परवा मी त्याला फोन उघडून दाखवायला सांगितले. वापरून दीड वर्ष होत आले आणि ४१ जीबी जागा अजून मोकळी आहे. सर्वांत जास्त जागा व्हॉट्सॲपने घेतली होती, १९ जीबी. त्यातही मुख्यतः सुरतेहून आमच्या दुकानाला येणाऱ्या डिझाइनचे फोटो.